फौजदार गुल्हाने एसटीने निघाले

खुशालराव इंगोले गेले तेव्हा अमरावतीत पुष्कळांना दोन माणसं गेल्यासारखं वाटलं. एक स्वतः खुशालराव आणि दुसरे फौजदार गुल्हाने. त्यातले गुल्हाने कधी जन्मलेच नव्हते. ते खुशालरावांच्या रहस्यकथांचे नायक. पण जुन्या राजदूत मोटारसायकलवरून पातूरपासून धारणीपर्यंत खुन्यांच्या मागे फिरणारा आणि खिशातली बडीशेप समोरच्याला न विचारता त्याच्या हातावर ठेवणारा हा फौजदार आमच्याकडच्या इतक्या घरांत मुक्कामाला होता, की कोणाची सायकल चोरीला गेली तरी लोक म्हणायचे, "गुल्हानेले बोलवा गा."

खुशालराव भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करत. नोकरीच्या निमित्ताने त्यांनी सारा वऱ्हाड पायी पाहिला होता. त्यांच्या पुस्तकात प्रेत सापडे ते एखाद्या खऱ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आणि त्या धुऱ्यावरची बाभूळही खरी असे.

त्यांची लिहिण्याची एक रीत होती. पुस्तक पूर्ण झालं की छापायला देण्याआधी ते रुक्मिणीनगरातल्या आपल्या घरी रविवारी दुपारी आम्हा तीन-चार जणांना वाचून दाखवत. तीन-चार रविवार बैठक चाले. शेवटचं प्रकरण मात्र ते कधीच वाचत नसत. त्याच्या आधी थांबत, चष्मा काढत आणि विचारत, "बोला, कोन?" ज्याने त्याने संशयिताचं नाव घ्यायचं आणि कारणही सांगायचं. नुसता अंदाज चालत नसे. कोणी कारणासकट बरोबर ओळखलं, तर खुशालराव मोजणीवाल्याच्या भाषेत म्हणत, "हद्द जुळली." मग ते हस्तलिखित कपाटात परत जाई आणि बिचाऱ्यांना पुन्हा लिहावं लागे. नाही ओळखलं, तर पुस्तक छापायला जाई, आणि खुनी कोण हे आम्हालाही छापील प्रत हातात आल्यावरच कळे.

बैठकीत शेजारच्या माणिकबाई असत. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, जिभेला धार. कापडाच्या दुकानातून वेळ काढून ओमप्रकाशजी येत. पुस्तकं छापणारा गजेंद्र असे. आणि मी. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून खुशालराव मला थोडं बिचकत. दुर्गाबाई, म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, बैठकीत नसत. त्या स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून अडकित्त्याने सुपारी कातरत असत. शेवटी ओमप्रकाशजी न चुकता विचारत, "भाभीजी, आप भी तो बोलो, कोन असंन?" आणि त्या न चुकता उत्तर देत, "मले काय समजते बाप्पा त्यातलं!" मग उठून कच्चा चिवडा कालवायला आत जात. छापून आलेली पुस्तकं त्या कपाटात नीट लावून ठेवत, पण उघडताना आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नवऱ्याच्या लिखाणाची गोडी नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता पौर्णिमाबद्दल.

पौर्णिमा दर्यापूरकडच्या एका शेतकरी घरातली. शिकायला अमरावतीला मावशीकडे राहिली, तेव्हा ती माझ्या वर्गात होती. हुशार म्हणावी तर गणितात काठावर, आणि निबंधात नेहमी वेळ संपल्यावरही लिहीत बसलेली. धडा संपला की बाकीच्या मुली वह्या मिटत, ही हात वर करी. "मॅडम, पण त्याले हे कळलं कसं?" कथेतल्या माणसाला एखादी गोष्ट कशी कळली, हे लेखकाने सांगितलं नसेल तर तिला चैन पडत नसे. 

लग्न होऊन ती अकोल्याला गेली. नवरा कुलदीप खारोडे, त्याचं पाण्याच्या मोटारींच्या वायंडिंगचं दुकान आहे. शांत, कामसू माणूस. पौर्णिमा एसटीत वाहतूक नियंत्रक झाली. अकोल्याच्या बसस्थानकावर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे सांगणारा जो संथ, स्वच्छ आवाज आहे, तो पुष्कळदा तिचा असतो. ती घाई करत नाही. गावाचं नाव सांगून क्षणभर थांबते, म्हणजे पिशव्या उचलायला लोकांना वेळ मिळतो. कोणी म्हातारी खिडकीशी येऊन तेच तिसऱ्यांदा विचारू लागली, तर तिसऱ्यांदाही पहिल्यासारखंच उत्तर देते. हे मी स्वतः उभी राहून पाहिलं आहे.

खुशालरावांशी तिची ओळख भांडणातून झाली. एका कथेत खुनी संध्याकाळी धारणीहून एसटीत बसून पळाला होता. पौर्णिमाने पुस्तकामागच्या नंबरावर फोन लावला. "काका, त्या टायमाले तिकडून गाडीच नाही. तो पळाला कसा?"

खुशालराव म्हणाले, "तुमी कोन?"

"अकोल्याची कंट्रोलर."

"अरे देवा. मंग त्याले जीपनं पाठवतो, चालते?"

"जीप चालते. पन जीपवाला त्याले वयखंन न, काका."

त्या दिवसापासून पुस्तकातला कोणताही माणूस बसमध्ये बसण्याआधी खुशालराव अकोल्याला फोन करू लागले. बैठकीत कौतुकाने सांगत, "अकोल्याच्या पोरीनं परवानगी देल्ली." तिनेही हळूहळू लिहायला सुरुवात केली. दोन-तीन गोष्टी दिवाळी अंकांत आल्या. कामावरून आल्यावर दुकानामागच्या खोलीत, वायंडिंगच्या वार्निशच्या वासात, ती फोनवर अंगठ्याने टाइप करत बसे.

खुशालराव गेल्यावर वर्षभर गजेंद्र गप्प होता. पण वाचकांचे फोन थांबेनात. शेवटी तो दुर्गाबाईंसमोर येऊन बसला. मी तिथेच होते.

"काकू, गुल्हाने बंद नाही होऊ शकत. अकोल्याची पौर्णिमा लिहीन म्हणते. तुमी हो म्हटलं तरच."

दुर्गाबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत, 'यायनं', 'यायचं' म्हणत. "लिहू दे. पन बैठकीत वाचंन. यायनं जसं वाचलं तसंच. एकदा फसली तं अजून एकदा वाचंन, यायलेही तितकंच चालत होतं. तवाही तुमी वयखलं, तं गुल्हानेले यायच्या संगं जाऊ द्या. मंग पुन्हा कोनी नाव काढाचं नाही."

गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं. अट सरळ होती. गुल्हान्यांचा जीव आता पौर्णिमाच्या हाती होता.

ती दिवाळीनंतरच्या रविवारी आली. नीट इस्त्री केलेली साडी, हातात छापून आणलेल्या कागदांचा गठ्ठा. खुशालरावांच्या खुर्चीत बसायला तिने नकार दिला आणि खाली सतरंजीवर बसली. वाचू लागली तेव्हा मला फार बरं वाटलं. गुल्हाने तसेच होते. राजदूत तशीच पहिल्या किकला नकार देत होती, बडीशेप तशीच हातावर येत होती. ओमप्रकाशजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! वापस आ गये."

तिसऱ्या रविवारी ती शेवटच्या प्रकरणाआधी थांबली. पाणी प्यायली. "बोला," तिने विचारलं, "कोन?"

"कंपाउंडर," माणिकबाई म्हणाल्या.

"कंपाउंडर," ओमप्रकाशजी म्हणाले.

गजेंद्र खाली बघत म्हणाला, "मलेही तोच वाटून राहिला."

माणिकबाईंनी कारणही दिलं. "अवं पोरी, हा तं पातूरच्या लेण्यावाल्या गोष्टीतला मुनीमच होय. तू त्याच्या अंगात पांढरा कोट घातला फक्त. तो पन असाच पहिले मदत करे, अन् त्याचाही भाऊ असाच नागपूरले असे. अन् ते चाबीचं तं चिखलदऱ्यातलं आहे. आमी का आज वाचून राहिलो का गुल्हाने?"

मलाही कंपाउंडरच वाटला होता. मी तसं सांगितलं. खोटं सांगून तिचं भलं झालं नसतं.

पौर्णिमा कागद गोळा करत, अगदी फलाट सांगितल्यासारख्या आवाजात म्हणाली, "हद्द जुळली." आणि उठली. ओमप्रकाशजींनी सवयीने दाराकडे पाहिलं, "भाभीजी, आप?" दुर्गाबाई म्हणाल्या, "मले काय समजते बाप्पा." चिवडा झाला, पण पौर्णिमाने घेतला नाही. तिला मूर्तिजापूरवरून जाणारी गाडी गाठायची होती.

त्यानंतर तिने फोन उचलणं बंद केलं. हा तिचा दोष शाळेपासूनचा. मनाला लागलं की ती कोणाशी बोलत नाही, आणि समोरच्याला आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं. गजेंद्र हताश झाला. मला राहवलं नाही. अकोल्याला भाचीकडे जायचं निमित्त काढलं आणि बसस्थानकावर उतरले ती सरळ तिच्या खिडकीशी गेले.

"मॅडम!" ती उठली. मग पुन्हा बसून माइकमध्ये शेगावच्या गाडीचा फलाट सांगितला, थांबली, पुन्हा सांगितला आणि माइक बंद केला. "बसा. चहा सांगते."

चहा आला. 

"मॅडम, मी चोरी नाही केली हो," ती एकदम म्हणाली. "लिहिताना मले वाटे, हे मलेच सुचून राहिलं. काकांची सगळी पुस्तकं इतक्यांदा वाचली, की कोनतं माझं अन् कोनतं त्यांचं, हेच समजलं नाही. गुल्हाने वाचवाले गेली, अन् त्यालेच ओळखीचा करून टाकला."

"ओळखीचा असणं वाईट नाही," मी म्हटलं.

"खुनी ओळखीचा असनं वाईट आहे न!" ती हसली. बैठकीनंतर पहिल्यांदाच हसली असावी.

मी म्हटलं, "खुशालरावांना जमीन दिसायची. तुला काय दिसतं?"

शिक्षकाचा प्रश्न होता, उत्तर मला ठाऊक नव्हतं. तिने काचेतून बाहेर पाहिलं. बाकांवर माणसं होती. एका बाईने पोळीचा डबा उघडला होता. शेजारच्या अनोळखी पोरीला तिने त्यातली अर्धी पोळी दिली. एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"हे बाबा दोन गाड्या सोडून बसले," पौर्णिमा म्हणाली. "कोनती पायजे, हे विचारालेही आले नाहीत. ज्याले जायचं आहे तो खिडकीशी येते. जो येत नाही, त्याच्याकडे माझं लक्ष राहते." मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही तर स्वतःशीच बोलल्यासारखं, "काकांचा गुल्हाने कधी कुठं थांबलाच नाही. सारखा फिरत राहिला."

एवढंच आमचं बोलणं. माझी गाडी लागली तेव्हा तीच माइकवर होती. "अमरावती" म्हणून ती थांबली, ते थांबणं मला नेहमीपेक्षा किंचित लांब वाटलं.

पुढची बैठक उन्हाळ्याच्या तोंडावर भरली. दुर्गाबाईंनी कूलर लावून घेतला होता, आणि त्याच्या आवाजावर पौर्णिमाला आवाज चढवावा लागत होता. ती पुन्हा सतरंजीवरच बसली. या वेळी तिने जुन्या गोष्टीतलं काहीच ठेवलं नव्हतं. गोष्टच नवी होती.

पहिल्याच पानावर गुल्हान्यांची राजदूत मेकॅनिककडे पडली.

"थांब," ओमप्रकाशजी म्हणाले. "मंग फौजदार जाईन कसा?"

"एसटीनं," पौर्णिमा म्हणाली.

"गुल्हाने अन् एसटीनं!" माणिकबाईंनी कपाळाला हात लावला. "आता त्याले हाफ तिकीटही काढून दे."

"फुल काढलं आहे न, मानिककाकू. पुढच्या पानावर."

पौर्णिमा वाचत राहिली. घाटात दरड कोसळलेली आहे. चिखलदऱ्याकडे निघालेले प्रवासी परतवाड्याच्या स्थानकावर अडकले आहेत, आणि त्यांतला एक जण बाकावरच मरून पडतो. खुनी तिथेच, त्या लोकांत आहे. गुल्हाने कुठेही जाऊ शकत नाहीत. ते बाकावर बसतात आणि माणसं कशी वाट पाहतात ते पाहत राहतात. कोण घड्याळ बघतं, कोण फलाटाकडे, कोण दुसऱ्याच्या पिशवीकडे. मी पुष्कळ वर्षं मुलींना कथा शिकवल्या. पण नुसतं बसून राहिलेल्या माणसाकडे बघताना पुढचं पान कधी उलटतं असं मला क्वचितच झालं आहे. गुल्हाने तेच होते. बडीशेप हातावर ठेवत होतेच, फक्त आता ती घेणारा हात किती वेळ तसाच उघडा राहतो, हेही बघत होते.

शेवटच्या रविवारी माणिकबाईंनी कूलर बंद करायला लावला. शेवटच्या प्रकरणाआधी पौर्णिमा थांबली. 

"बोला. कोन?"

माणिकबाई म्हणाल्या, "ते भांड्याची पाटीवाली." कारण दिलं, पण अर्ध्यातच त्यांनाच ते पटेनासं झालं. ओमप्रकाशजींनी कॅन्टीनवाला धरला. गजेंद्रने मयताच्या भाच्याचं नाव घेतलं. मी एका मास्तरावर संशय घेतला, तो बहुधा मास्तर होता म्हणूनच.

"नाही जुळत," पौर्णिमा प्रत्येकाला म्हणाली. "नाही जुळत. नाही जी. नाही, मॅडम."

गजेंद्र जागचा उठलाच. ओमप्रकाशजींनी टाळी वाजवली आणि सवयीने दाराकडे वळून म्हणाले, "भाभीजी, अब तो बोलो!"

आम्ही चिवड्याची वाट पाहू लागलो. पण दुर्गाबाई उठल्या नाहीत. अडकित्ता मांडीवर ठेवून त्या पौर्णिमाकडे बघत होत्या.

"मले नाही समजलं," त्या म्हणाल्या.

"तुमाले कवा समजते, वैनी," माणिकबाई हसल्या.

"मले दरखेपी समजे, मानिक."

दुर्गाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि सांगू लागल्या. आवाज कुरकुरीचा होता, पण डोळ्यांत गंमत होती.

"यायची एक खोड होती. ज्याले खुनी करायचं, त्याच्यावर यायची माया जास्त. त्याले पुस्तकात पोटभर जेवू घालत. रोडगे म्हना, वांग्याची भाजी म्हना, वरून तुपाची धार. फाशी जानाराले उपाशी काहून पाठवा, असं यायचं. बाकीचे चहावर राहत. मी इथं बसून आयके, कोन जेवला. जो जेवला तो गेला."

ओमप्रकाशजींचं तोंड उघडंच राहिलं. "और आप कभी बोले नहीं?"

"बोलली असती तं हद्द जुळली असती. मंग हे बसले असते पुन्हा लिहाले. एकही बुक निघालं नसतं या घरातून. म्हनून मी चिवडा करे." त्या पौर्णिमाकडे वळल्या. "तुया पहिल्या गोष्टीतही तू त्या कंपाउंडरले रोडगे चारले. मी तवाच म्हटलं, गेला हा. अन् ही पोरगी यायचंच घेऊन बसली, आपलं कधी आनीन?"

"मले माहीतच नव्हतं, काकू," पौर्णिमा पुटपुटली. "मी काहून चारले, मलेही आठवत नाही."

"अन् आता?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "आता त्या स्टँडवर सगळ्याईनंच डबे सोडले! पाटीवाली खाते, मास्तर खाते, फौजदार सोताच दुसऱ्याच्या डब्यातलं लोनचं खाते. मी कोनाले धरू? तीन रविवार झाले, मले सुपारी बारीक कातरनं जमून नाही राहिलं." त्या जरा पुढे सरकल्या. "कोन होता व तो? माह्या कानात सांग."

पौर्णिमा त्यांच्यापाशी गेली. मला वाटलं, सांगणार. ज्या बाईच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं, तिला कोण नाही म्हणेल? पण पौर्णिमाने खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि बाकावरच्या म्हातारीला सांगावं तशी हळू म्हणाली, "काकू, रीत तुमीच लावून देल्ली. छापल्यावर."

दुर्गाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग गजेंद्रला म्हणाल्या, "काय पाहून राहिला? पोरीचं नाव टाक वरतं, यायच्या नावाखाली. अन् लवकर छाप बाप्पा, मी का आता लहान आहो?" आणि उठून चिवडा कालवायला गेल्या. त्या दिवशी पौर्णिमाने दोनदा मागून घेतला.

पुस्तक आलं त्या आठवड्यात मी रुक्मिणीनगरात गेले. दुर्गाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अडकित्ता कुठे दिसत नव्हता. मी फाटक उघडलं, "काय वैनी" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी पुस्तकातून डोळे न काढता उजवा हात वर केला. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्यांचं शेवटचं पान होईपर्यंत थांबले.